काळ्या डबीतली माती

माझ्या व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. अ‍ॅरिझोनाला निघाले तेव्हा त्यातले बेचाळीस दिवस उरले होते. हा आकडा मी कुणाला सांगत नसे, पण सकाळी दात घासताना तो आपोआप एकाने कमी व्हायचा.

स्थळ आईने पुण्यात बसून शोधलं होतं. मुलगा मिशिगनमध्ये, नोव्हायला जन्मलेला आणि वाढलेला, म्हणजे इथला नागरिक. आता फिनिक्सजवळ नोकरीला. त्याचे वडील मोटारींच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर आईवडीलही बर्फाला कंटाळून तिथेच येऊन राहिले होते.

"त्यांना माझं माहीत आहे का?" मी फोनवर विचारलं.

"सगळं माहीत आहे," आई म्हणाली. "म्हणून तर सांगते, जरा बोलत जा. तू नुसती माणसांकडे बघत बसतेस. त्यांना वाटतं, ही मनातल्या मनात मार्क देतेय."

मी देतच होते. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि घरी इंग्लिश बोललं की टोमणे मिळायचे. त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहणं मला लवकर जमलं. बघणं मात्र चालू राहिलं.

मुलाच्या आईने, म्हणजे काकूंनी, बघण्याचा कार्यक्रम गाडीत ठेवला होता. मी वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडहून शुक्रवारी संध्याकाळी पोचले आणि शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही चौघं निघालो. फिनिक्सच्या उत्तरेला दोन तासांवर टेकडीवरचा एक जुना किल्ला आहे, आणि त्याच्या मागे डोंगराला चिकटलेलं खाणकामगारांचं एक गाव. दोन्ही बघून संध्याकाळी परत यायचं होतं.

"पोहे खाऊन माणूस कळत नाही," काकू मला म्हणाल्या. "दिवसभर गाडीत बसवावं. मग कळतो."

गाडी मुलगा चालवत होता. शेजारी काका, कारण त्यांचा उजवा पाय नीट वळत नव्हता. मागे मी आणि काकू, मधे तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. काकांना दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक येऊन गेला होता. पाय गेला तसे शब्दही थोडे गेले होते. म्हणजे शब्द त्यांना माहीत असायचा, पण तो यायला वेळ लागायचा. तोवर त्यांचे ओठ काहीतरी चाखल्यासारखे हलत राहायचे. त्या मधल्या जागेत काकू आपले शब्द भरायच्या.

"ते बघ... तिकडे... ते..."

"काय? पाणी हवंय? गोळी? बाथरूम? लवकर बोला, पुढचं एक्झिट लांब आहे."

"...निवडुंग," काका म्हणाले. तोवर निवडुंग मागे पडला होता.

मुलगा हसला. काकू हसल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"हिला हसू येत नाही वाटतं," काकू म्हणाल्या. आवाज खेळकर होता, पण त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांच्याही वहीत मार्क चालू होते हे माझ्या लक्षात आलं. पुढच्या वेळी काका अडले तेव्हा मी ओठ जरा ताणले.

त्या गाडीत मला माझ्याबद्दल प्रश्न विचारणारे एकटे काकाच होते. मान मागे वळवता येत नव्हती म्हणून ते आरशात बघून बोलायचे. व्हिसाचं काही नाही, नोकरीचं काही नाही.

"गड... कुठला गड चढलीस तू?"

"एकच. कॉलेजच्या ट्रिपला. तोही अर्धाच."

"अर्धा का?"

"बूट चावत होते."

ते मनापासून हसले. "मी अनवाणी..." आणि पुढचा शब्द अडला. ओठ हलू लागले. त्याच वेळी मुलाने चुकीचं वळण घेतलं आणि फोनमधली बाई नवा रस्ता शोधत असल्याचं सांगू लागली. माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "काका, रिकॅल्क्युलेटिंग."

मग मुलगा स्टिअरिंगवर हात आपटून हसायला लागला. "ओ माय गॉड. आई, शी इज सॅव्हेज." काकूंनी माझ्या मांडीवर चापट मारली आणि डोळे पुसले. सगळ्यात शेवटी काका हसले. त्यांना विनोद कळायला वेळ लागला नव्हता. हसायला लागला होता.

मला त्या क्षणी फार बरं वाटलं. हे इथे लिहिणं भाग आहे.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मुलगा काकांना हाताला धरून बाथरूमकडे घेऊन गेला. काकूंनी पुऱ्यांचा डबा उघडला आणि माझ्या हातावर दोन ठेवल्या.

"आता बघ हं, किल्ला दिसला की यांचं सुरू होईल," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी गड चढायचे. बारा गड. प्रत्येक गडावरून चिमूटभर माती आणायची, ती फिल्म रोलच्या काळ्या डबीत भरायची आणि वर चिठ्ठी लावायची. आमच्या लग्नानंतर ती माती अमेरिकेत आली. साड्या राहिल्या, माती आली. नोव्हायला बेसमेंटमध्ये चाळीस वर्षं."

"अजून आहे?"

काकूंनी बाथरूमच्या दिशेला बघितलं आणि आवाज खाली आणला. "घर विकताना मी सगळी कुंडीत ओतली. डब्या कचऱ्यात. खोका मात्र ठेवलाय. आत जुने टॉवेल घालून टेप लावली. गराजमध्ये वरच्या फळीवर आहे. यांना वाटतं, आहे सगळं. चढून बघतील कशाने?" त्या हसल्या आणि माझा दंड दाबला. "बोलू नकोस हं. तू आता घरातलीच."

'घरातलीच' हा शब्द मी पुरीबरोबर गिळला. समोरून काका येताना दिसत होते, एक पाय टाकत, दुसरा ओढत. मी हात हलवला.

किल्ला लांबून टेकडीचाच भाग वाटत होता. जवळ गेल्यावर भिंती दिसल्या, तपकिरी दगड मातीत बसवलेले, बहुतेक गुडघ्याएवढ्याच उरलेल्या. खोलीला लागून खोली, उतारावर खालपर्यंत. दारं नाहीत. लोक छपरातून शिडीने आत उतरायचे. स्पॅनिश लोक या खंडावर यायच्या आधीच इथली माणसं निघून गेली होती, असं माहितीच्या बोर्डावर लिहिलं होतं. हा किल्ला होता की उंचावर वसवलेलं गाव, यावर जाणकारांचं एकमत नव्हतं, हेही लिहिलं होतं.

मी बोर्ड सगळे वाचते. न बोलणाऱ्या माणसाला ती एक चांगली सोय असते. त्यामुळे पुढचे दोन बोर्डही मी वाचले होते. एकावर होतं की इथून काहीही, अगदी खडासुद्धा, उचलून नेणं गुन्हा आहे. दुसऱ्यावर होतं की लहान मूल गेलं तर ते लोक त्याला बाहेर कुठे नेत नसत. घरातच, खोलीच्या जमिनीखाली पुरत.

स्ट्रोकनंतर काकांना बारीक अक्षर वाचता येत नव्हतं. वाट सुरू झाली तिथे ते थांबले, काठी भिंतीला टेकवली आणि बूट काढायला लागले.

"हे काय?" काकू म्हणाल्या. "देऊळ आहे का? घाला ते."

"गड आहे," काका म्हणाले. हा शब्द मात्र पटकन आला.

"बाबा, पीपल आर लुकिंग," मुलगा म्हणाला. खरंच एक गोरं जोडपं बघत होतं. मुलाने वाकून त्यांचे बूट पुन्हा घातले. काकांनी पाय पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.

अर्ध्या वाटेवर काकू उन्हाला कंटाळल्या. मुलाने त्यांना खालच्या सावलीत न्यायचं ठरवलं आणि मला विचारलं, "यू ओके विथ बाबा?" मी मान हलवली. माझ्या वहीत त्याला तेव्हा बरे मार्क होते. त्याने बुटांची नाडी नीट बांधली होती.

सगळ्यात वर एकच खोली पूर्ण उभी आहे, नव्याने छप्पर घातलेली. तिच्या बाहेर टेकडीचा माथा. आम्ही पोचलो तेव्हा काकांचा श्वास चढला होता. ते भिंतीला धरून उभे राहिले आणि खाली बघायला लागले. खाली नदीची हिरवी रेघ होती, पलीकडे सुकलेली पांढरी जमीन, आणि समोरच्या डोंगरावर ते गाव, कुणीतरी मूठभर घरं फेकून मारल्यासारखं.

"बघ," काका म्हणाले. "पाणी पायथ्याशी आहे. तीन बाजूंनी येणारा माणूस दिसतो, चौथ्या बाजूला चढ आहे. वर धान्य ठेवायला कोरडी जागा. ज्याने ही टेकडी निवडली त्याला कळत होतं. आपल्याकडेही असंच बघायचे, आधी पाणी, मग तट."

एकही शब्द अडला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना स्वतःला ते कळलेलं नव्हतं.

मग त्यांनी खिशातून फिल्म रोलची काळी डबी काढली. करड्या झाकणाची. घरून निघतानाच ती खिशात होती.

"बारा आहेत," ते म्हणाले. "घरी. ही... तेरा."

त्यांनी वाकून बघितलं. काठी घसरली, मी दंड धरला. पुन्हा प्रयत्न केला, हात गुडघ्याच्या खाली गेला नाही.

"तू घे," ते म्हणाले. "चिमूटभर. आतली घे, उन्हातली नको."

मी दोन्ही बोर्ड वाचलेले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. 'काका, इथली माती घेऊ नये' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या दिवशी मी त्या घरातल्या प्रत्येकाला हो म्हणायचं ठरवून आले होते. मी भिंतीच्या कडेला बसले, खोलीच्या आतली माती चिमटीत घेतली आणि डबीत टाकली. तीन चिमट्या. तिसरीत नखाएवढा खापराचा तुकडा आला. एका बाजूने काळी रेघ असलेला. मी तो काढून टाकला नाही. छान दिसत होता.

काकांनी झाकण लावलं, डबी कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. ही माझे खिसे... बघते." मी डबी पर्समध्ये टाकली. खाली उतरताना त्यांनी सबंध वाट माझा हात धरला होता. त्यांचा तळहात कोरडा आणि हलका होता.

डोंगरावरच्या गावात जायला वळणावळणाचा रस्ता आहे. तांब्याच्या खाणी चालायच्या तेव्हा ते गाव मोठं होतं. खाणी बंद पडल्यावर ओस पडलं, आणि आता तिथे तांब्याच्या बांगड्या आणि चित्रं विकणारी दुकानं आहेत. डोंगर आतून पोखरलेला असल्यामुळे गाव घसरतं. एक जुना तुरुंग तर मूळ जागेवरून घसरत रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसलाय. तिरक्या भिंती, गंजलेले गज. मुलाने गाडी तिथे हळू केली.

"बाबा, तुमची रूम," तो म्हणाला.

"ह्यांना नको," काकू म्हणाल्या. "घसरून कुठे पोचले ते सांगायला यांना दोन दिवस लागतील."

"रिकॅल्क्युलेटिंग," मुलगा म्हणाला. सकाळपासून त्याने तो विनोद सातआठ वेळा तरी वापरला होता. आता तो त्याचा झाला होता.

जेवायला बसलो ती जागा उतारावर होती, खिडकीतून दरी आणि दरीपलीकडे किल्ल्याची टेकडी दिसत होती. जेवण यायला वेळ होता. काकूंनी मला पुण्याच्या घराबद्दल विचारलं, मग आईच्या दुखण्याबद्दल, मग एकदम, "किती दिवस उरलेत गं तुझे?"

"एकेचाळीस."

"म्हणजे घाई तुला आहे. आम्हाला नाही." हसून म्हणाल्या. मुलगा फोनमध्ये बघत होता. "तसा यालाही काही प्रॉब्लेम नाही. फक्त म्हणतो, ती काही बोलतच नाही. मी म्हटलं, बोलते रे, सकाळी नाही का बोलली? बोल ना काहीतरी."

तिघंही माझ्याकडे बघत होते. काकासुद्धा, जरा काळजीने, परीक्षेला बसलेल्या मुलीकडे बघावं तसं. माझ्याकडे बोलण्यासारखं काहीच नव्हतं. एकच गोष्ट होती. मी पर्स उघडली आणि डबी टेबलावर ठेवली.

"काकांनी वरून माती आणली," मी म्हणाले.

वाक्य साधंच होतं. सकाळसारखाच सूर मी लावला होता, हलका, थोडा तिरका. त्यातली 'काकांनी' ही एकच गोष्ट खोटी होती.

काकूंनी डबी ओळखली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी चीड आणि मग मजा आली. "अरे देवा. अजून यांच्याकडे डब्या आहेत. बघ रे, तुझे बाबा. अमेरिकेची माती चोरतायत."

काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी बोलायला हवं होतं. 'मी नाही, हिने उचलली' म्हणायला त्यांना किती वेळ लागला असता? आम्ही सगळे थांबलो होतो. ते गप्प राहिले.

"रिकॅल्क्युलेटिंग," मुलगा म्हणाला.

पण त्यांचे ओठ हलत नव्हते. ते शब्द शोधत नव्हते, एवढं त्या टेबलावर फक्त मला कळत होतं.

मुलाने झाकण उघडून आत बघितलं, खापराचा तुकडा बोटावर घेतला आणि त्याचं हसू गेलं. त्याने फोनमध्ये काहीतरी शोधलं. मग अतिशय शांतपणे, मोठ्या माणसाने लहान मुलाशी बोलावं तसं, इंग्लिशमध्ये वडिलांना सांगितलं की हा गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या खोल्यांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली आहेत. "बेबीज, बाबा. यू टूक डर्ट फ्रॉम बेबीज' ग्रेव्ह्ज."

काकांनी हातातला काटा खाली ठेवला. मग दोन्ही हात टेबलाखाली नेले आणि पँटला पुसत राहिले. माती त्यांच्या हाताला लागलीच नव्हती.

"मला... माहीत..."

"माहीत नव्हतं. तुम्हाला काय माहीत असतं?" काकू म्हणाल्या. "जेवा आता."

ते जेवले नाहीत. मी जेवले. मुलगा म्हणाला, आपण परत जाऊन हे देऊन येऊ. काकूंना ते पटत नव्हतं, चिमूटभर मातीसाठी पुन्हा तेवढा घाट. पण मुलगा ठाम होता. आणि त्याचं बरोबरच होतं. त्या दिवशी त्या टेबलावर बरोबर असलेला तो एकटाच होता, आणि मला तो त्या क्षणापासून आवडेनासा झाला.

किल्ल्याच्या पायथ्याशी रेंजर होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, सपाट टोपी घातलेली बाई. मुलाने डबी तिच्या हातात दिली आणि काहीतरी चूक झाल्याचं सांगितलं. ती रागावली नाही. तिने खापराचा तुकडा बघितला आणि म्हणाली, परत आणलंत हे चांगलं केलंत. पण ज्या खोलीतून घेतलं तिथेच परत ठेवायला हवं. ज्याने उचललं त्याने मला जागा दाखवायला हवी. आणि एक फॉर्म भरावा लागेल, नाव आणि ओळखपत्रासह.

आम्ही चौघं गाडीशी उभे होतो. काका दार उघडं ठेवून सीटवर बसले होते, पाय बाहेर.

नाव आणि ओळखपत्र. एकेचाळीस दिवस, आणि सरकारी कागदावर माझं नाव. काका नागरिक होते. म्हाताऱ्या, आजारी नागरिकाला कोण काय करणार होतं?

"मी," काका म्हणाले आणि काठी टेकून उठायला लागले.

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "तुम्ही बसा. तुम्हाला पुन्हा चढायला लावतील." मग रेंजरकडे वळून, स्वच्छ इंग्लिशमध्ये, "इट वॉज इन हर बॅग. ती आमच्या घरातली नाही. पाहुणी आहे. वॉशिंग्टनहून आलीय."

त्यांच्या लेखी त्या खोटं बोलत होत्या. नवऱ्याला वाचवायला, दिवसभर ज्याला फाडून खाल्लं त्याला. माती खरंच मी उचलली होती हे त्यांना माहीतच नव्हतं.

रेंजर माझ्याकडे बघत होती. "तू उचललीस?"

मी काकांकडे बघितलं. त्यांनी नजर बाजूला घेतली नाही. राग नव्हता. मी काय म्हणते याची ते नुसती वाट बघत होते. आता गप्प राहायची पाळी आपली नाही, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"हो," मी म्हणाले.

माझ्या मागे काकूंनी सुस्कारा सोडला. आपल्यासाठी ही मुलगी खोटं बोलली, असं त्यांना वाटलं असणार.

मी रेंजरबरोबर पुन्हा टेकडी चढले. खोली मला बरोबर आठवत होती. माझ्या बोटांचे तीन खळगेसुद्धा तसेच होते. तिने मला डबी उघडायला सांगितली आणि स्वतः टोपी काढून थोडी मागे उभी राहिली. मी माती ओतली. खापर वर ठेवलं.

"तू बोर्ड वाचला नव्हतास?" तिने विचारलं.

"वाचला होता," मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिने आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. खाली येऊन तिने माझ्या लायसन्सवरून नाव लिहून घेतलं, तोंडी समज दिली आणि डबी परत केली. रिकामी डबी तिच्या काही कामाची नव्हती.

परतीच्या वाटेवर कुणी विनोद केला नाही. काका आरशात बघत नव्हते. उतरताना मी डबी त्यांच्या सीटवर ठेवली. त्यांनी ती घेतली का, मी मागे वळून बघितलं नाही.

उत्तर चार दिवसांनी आईकडे आलं. "म्हणतात, मुलगी हुशार आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही. आज आमच्या माणसाचं आम्हाला सांगितलं, उद्या आमचं बाहेर सांगेल. काय सांगितलंस तू?"

"काही नाही."

"वडिलांचं काय मत होतं, विचारलं मी. तर म्हणाल्या, त्यांना कोण विचारतंय?"

नोकरी त्यानंतर पंधरा दिवसांनी मिळाली. शिकागोजवळ शॉमबर्गला, पगार कमी, पण व्हिसा टिकला. त्या फॉर्मचं पुढे काहीही झालं नाही. म्हणजे त्या शनिवारी मी कुणालाच हो म्हटलं नसतं तरी चाललं असतं. हा हिशोब मी अजूनही मधूनमधून करते, दात घासताना.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी हॅलो म्हटलं आणि पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग श्वासावरून ओळखलं. मी थांबले. मधे शब्द भरला नाही.

"खोका... उघडला," काका म्हणाले. "माणूस आला होता... गराज साफ करायला. त्याला काढायला सांगितला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"टॉवेल," ते म्हणाले.

"हो का?"

मग पुढचं वाक्य एका दमात आलं, न अडखळता, किल्ल्यावर बोलले होते तसं. "ही म्हणते, तुलाही सांगितलं होतं त्या दिवशी. मी वर जायच्या आधी. तुला माहीत होतं आणि तरी तू माझ्यासाठी खाली बसून माती भरलीस. खरं आहे का?"

बाहेर बर्फ पडत होता आणि खालच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीची काच खरवडत होतं. किल्ल्यावर मी एकदा खरं बोलले होते, त्याने कुणाचं काय भलं झालं मला माहीत नाही.

"नाही, काका," मी म्हणाले. "मला कुणी काही सांगितलं नाही."

त्यांचे ओठ हलत असणार. मी वाट बघितली.

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.